सासरेबुवांची ॲक्शन फिगर

ॲक्शन फिगर म्हणजे बाहुलीच असते. फक्त तिच्याशी मोठी माणसं खेळतात आणि तिला बाहुली म्हटलं की त्यांना राग येतो. समर्थला तर फारच यायचा. लोणावळ्याच्या विमा कचेरीत दिवसभर इतरांच्या मरणाची तरतूद करून घरी आला की तो मोबाइल दुधाच्या पातेल्याला टेकवायचा आणि परदेशातल्या कुठल्याशा दाढीवाल्या तरुणाचे व्हिडिओ बघत बसायचा. तो तरुण एका हातानं चहा पीत दुसऱ्या हातानं मातीचा गोळा दाबायचा आणि चहा संपेपर्यंत त्याच्या आजोबांचा हुबेहूब चेहरा तयार व्हायचा. "हे कुणालाही जमेल," असं शेवटी हसत सांगायचा. या एका वाक्यानं जगातली किती घरं धुळीला मिळाली असतील याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

समर्थलाही ते जमणार होतं. निमित्त होतं सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं.

सासरे म्हणजे रखमाजी, घरातल्या सगळ्यांचे आबा. बेडसे लेण्यांच्या पायथ्याला त्यांची भातशेती. तरुणपणी बैलगाड्याच्या शर्यतींत त्यांचं नाव अख्ख्या मावळात गाजलेलं. त्यांना दोन जावई. थोरला पप्पूराव, तळेगावात जमिनींचे व्यवहार करणारा, गळ्यात साखळी आणि बोलण्यात हायवे. तो आला की रखमाजी चहा दोनदा सांगायचे, बैलांच्या गोष्टी काढायचे, त्याच्या मांडीवर थाप मारून हसायचे. धाकटा समर्थ आला की विचारायचे, "पाऊस काय म्हनतोय लोनावळ्यात?" समर्थ म्हणायचा, "आहे." मग दोघंही रस्त्याकडे बघत बसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संभाषण याच्या पुढे गेलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात तर तेवढंही होत नसे. समर्थला त्या घरात एकदा, निदान एकदा, जावई म्हणून मान हवा होता. हवामान खात्याचा माणूस म्हणून मिळणारा चहा त्याला आता पचत नव्हता.

पंचाहत्तरीला पप्पूराव अंग रगडणारी विजेची खुर्ची देणार, अशी बातमी आली. जन्मभर चिखलात वाकलेल्या माणसाला खुर्चीकडून रगडून घ्यायची काय गरज, असं समर्थ बायकोला, म्हणजे माधवीला म्हणाला. "तुम्ही काय देणार?" माधवीनं विचारलं. समर्थनं मोबाइल पातेल्यावरून उचलून तिच्यापुढे धरला. तरुणपणीचे रखमाजी, धोतर, पागोटं, उंचावलेल्या हातात चाबूक, आणि हातपाय सगळे हलणारे. बाजारात मिळणार नाही अशी वस्तू. माधवीनं व्हिडिओ बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शाल देऊया की." थोर कामांना घरातून असाच पाठिंबा मिळत आलेला आहे.

व्हिडिओत सांगितलं होतं की नवशिक्यानं धड तयार विकत घ्यावं आणि फक्त डोकं करावं. लोणावळ्याच्या बाजारात चिक्की कितीही मिळते, बिनडोक्याचं धड मिळत नाही. समर्थनं ते ऑनलाइन मागवलं. पार्सल घरी न येता थेट कुरिअरच्या कचेरीत अडकलं. समर्थ तिथे गेला तेव्हा खिडकीमागचा माणूस पाकीट दूर धरून बसला होता.

"साहेब, ह्यावर लिहिलंय पुरुषाचं शरीर, डोकं नाही, एक नग. आत काय आहे?"

"शरीर," समर्थ म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"कुणाचं?"

"सासऱ्यांचं. म्हणजे, होईल."

"आणि डोकं?"

"डोकं मी घरी करणार आहे."

मागची रांग दोन पावलं मागे सरकली. खिडकीतल्या माणसानं वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी, ज्याचं शरीर त्याचं ओळखपत्र आणायला सांगितलं. समर्थनं नियमावली मागितली. त्यांनी ती नसल्याचं नियमानुसार कळवलं. शेवटी सगळ्यांच्या देखत पाकीट फोडायचं ठरलं, आणि आतून छातीवर खाचा असलेला, बाहू फुगलेला, अंगावर सूतभरही कापड नसलेला एक ठेंगू देह बाहेर आला. रांगेतल्या एका बाईंनी मुलीचे डोळे झाकले. समर्थनं चटकन खिशातला हातरुमाल काढून त्या देहाला गुंडाळला आणि सासऱ्यांची अब्रू काखेत मारून घर गाठलं.

घरी वेगळंच प्रकरण उभं होतं. रंगाखाली द्यायच्या पहिल्या थराचा फवारा त्यानं सकाळी बाल्कनीत मारून बघितला होता आणि वास जिन्यातून वर गेला होता. सोसायटीच्या सेक्रेटरी ज्योत्स्नाताई दारात उभ्या होत्या.

"सोसायटीत उद्योगधंदा करायला मनाई आहे."

"धंदा नाही हो, छंद आहे."

"छंदासाठी वेगळा अर्ज आहे," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. तो अर्ज त्यांनी त्याच क्षणी निर्माण केला असावा, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही. समर्थनं अर्ज दिला. कमिटी बसली, चहा झाला, पार्किंगवरून भांडण झालं आणि ठराव झाला की अर्जदारानं फवारा फक्त गच्चीवर आणि फक्त पाऊस नसताना मारावा. श्रावण होता. गाव लोणावळा होतं. परवानगी आजही लागू आहे. ती वापरता येईल असा दिवस काही त्या महिन्यात उजाडला नाही.

शेजारचे माऊलीकाका मात्र या सगळ्यात समर्थच्या बाजूनं उभे राहिले, आणि खरं नुकसान तिथून सुरू झालं. काका रेल्वेतून निवृत्त. घाटात गाड्यांना मागून जोर देणाऱ्या इंजिनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या मागून ढकलल्यामुळे दुसऱ्यांच्या कामातही मागून जोर लावल्याशिवाय त्यांना करमत नसे. ते रोज चहाला यायचे आणि धडाकडे बघत बसायचे.

"चाबूक काढा," एक दिवस ते म्हणाले.

"का? आबांचा चाबूक प्रसिद्ध होता."

"तेव्हा होता. आता कायदा आहे. बैलाला चाबूक दाखवला तरी गुन्हा. उद्या कुणी फोटो काढून टाकला, तर पंचाहत्तरीला सासरे आत आणि तुम्ही साक्षीदार."

समर्थ विमा कंपनीत होता. धोका दिसला की तो आधी कमी करायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं स्वतः वळलेला तारेचा तो सुंदर चाबूक, कामातली एकमेव सुंदर गोष्ट, काढून टाकला. आता उंचावलेला हात रिकामा राहिला. तो खाली आणायला गेला तर खांद्याचा सांधा कडकन वाजला, म्हणून तो हात तसाच वर राहू दिला. "झेंडा द्या हातात," काका म्हणाले. पण कुठल्या रंगाचा द्यायचा यावर विचार केल्यावर दोघांनाही रिकामा हातच बरा वाटला.

मग डोकं. भाजायची माती मागवली होती. आत चांदीच्या कागदाचा गोळा घालून त्यावर चेहरा करा, असं दाढीवाल्यानं सांगितलं होतं. समर्थला टेबल टेनिसचा चेंडू सापडला. चेंडू आयता गोल असताना कागद चुरगळत बसणं हे त्याला अशास्त्रीय वाटलं. त्यावर त्यानं माती थापली, नाक ओढलं, मिशा लावल्या, डोळ्यांच्या जागी टाचणीनं टोचलं. चेहरा तयार झाल्यावर माऊलीकाका म्हणाले, "आमचे जुने स्टेशनमास्तर!" ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "हे तर आमचे मोठे दीर." दूधवाल्यालाही त्यात कुणीतरी ओळखीचं दिसलं. अख्ख्या सोसायटीला त्या चेहऱ्यात आपापला माणूस सापडला, रखमाजी तेवढे कुणालाच सापडले नाहीत.

तरी समर्थ खचला नाही. "भाजल्यावर चेहरा उतरतो," असं तो म्हणाला. तो खरोखरच उतरला. ओव्हनमध्ये चेंडू आतून मऊ झाला, गाल आत गेले, नाक पसरून एका बाजूला सरकलं आणि मिशांनी हनुवटीचा आधार घेतला. माधवी नाकाला पदर लावून स्वयंपाकघरात आली.

"कोण हे?"

"आबा."

माधवीनं ते डोकं चारी बाजूंनी बघितलं. "मी पुढे माहेरी जाते," ती म्हणाली. "तिकडे तयारीला माणसं हवीयत. आणि मला तुम्ही हे दाखवलंत ते मी विसरले असं समजा." जाताना तिनं शाल घेतली होती की नाही, हे समर्थनं स्वाभिमानापोटी विचारलं नाही.

आता फक्त रंग. लोणावळ्यात पावसाळ्यात काहीच वाळत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चड्ड्या वाळत नाहीत, मीठ वाळत नाही, कपाटातल्या चामडी पट्ट्यांना बुरशी येते. पण चेहऱ्याला लावलेला गव्हाळ रंग वाळेल, अशी समर्थची श्रद्धा होती. रंग चिकट राहिला. मग त्यावर एक मुंगी बसली आणि तिथेच कायमची राहिली. मग सासऱ्यांच्या उजव्या गालावर हिरवट लव आली. माऊलीकाका म्हणाले, दाढी म्हणून चालेल. समर्थनं त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही.

हार्डवेअरच्या दुकानदारानं यावर एकच उपाय सांगितला. "गेटाला मारतो तो चंदेरी घ्या. पावसात गेट उघड्यावरच असतं ना साहेब, मग? धो धो पावसात वाळतो." समर्थनं मुंगीसकट सगळं घासलं आणि मोरीचं दार लावून आत चंदेरी फवारा मारला. चेहरा चंदेरी, पागोटं चंदेरी, हातरुमालाचं केलेलं धोतर चंदेरी. त्यावर नंतर खरे रंग द्यायचे होते, पण नंतर यायच्या आधी पंचाहत्तरी आली. आणि चंदेरी खरंच वाळला! दिव्याखाली धरून बघितल्यावर समर्थला ते चुकलेलं काम वाटेनासं झालं. चौकातल्या पुतळ्यासारखा रुबाब वाटला. डोकं मोठं झाल्यामुळे मूर्ती पुढे तोंडावर पडत होती, म्हणून त्यानं ती छोट्या लाकडी पाटावर पक्की चिकटवली. हलणारे हातपाय आता हलणार नव्हते. ॲक्शन गेली होती, पण फिगर राहिली होती.

कार्यक्रम रविवारी होता. रविवारी भुशी धरणावर भिजायला अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणे येतं, त्यामुळे समर्थची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत तिकडे औक्षण होऊन गेलं होतं. तो पोचला तेव्हा मांडवाच्या मधोमध रखमाजी पप्पूरावांच्या खुर्चीत बसून थडथडत होते. धोतर थडथडत होतं, पागोटं थडथडत होतं, भोवती म्हातारे नंबर लावून उभे होते.

"या जावईबापू," रखमाजी थडथडत म्हणाले. "पाऊस काय म्हनतोय लोनावळ्यात?"

"आहे," समर्थ म्हणाला. पण आज तो तिथे थांबणार नव्हता. मोठा श्वास घेऊन त्यानं टेबलावर पाट ठेवला आणि वरचं फडकं काढलं.

चंदेरी देह, पागोटं, धोतर, आशीर्वादाला उंचावलेला हात, खाली पाट. टेबलाशेजारी ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या भामाबाईंनी क्षणाचाही विचार न करता मूर्तीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले. त्यांचं बघून मागच्या बायकांनी जोडले. दोघातिघा म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

सासूबाई कस्तुराबाई पुढे आल्या. वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुनाचा टाक म्हनायचा ह्यो?"

टाक म्हणजे पूजेची चांदीची प्रतिमा. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक घडवून देवघरात बसवतात, आणि सणावाराला त्याला नैवेद्य दाखवतात. समर्थला हे माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या घरी देवघरात आजोबांचा टाक होता. इतके दिवस फवारा मारताना, पाटावर चिकटवताना, दिव्याखाली धरून कौतुक करताना एवढी एक गोष्ट त्याला आठवली नव्हती. ती आत्ता आठवली. त्यानं माधवीकडे बघितलं. माधवीनं डोळे मिटून घेतले होते.

"कुणाचा काय मामी," पप्पूराव आनंदानं म्हणाले. असा आनंद त्यांना मोठ्या सौद्यालाही झाला नसेल. "आबांचाच की! धोतर बघा, पागोटं बघा. धाकट्या जावयानं सासऱ्याला जित्तेपणीच देवघरात बसवलं!"

मांडवात एकदम कलकलाट झाला. कस्तुराबाईंनी डोक्याला हात लावला. "अगं माये! जित्या मानसाचा टाक? आनि आजच्या दिसाला? जावईबापू, कुनी सांगितलं वो तुमाला ह्ये?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी मूर्तीवरचं कुंकू पुसायला गेलं, कुणी म्हणालं पुसू नका, अजून वाईट. कुणी मूर्ती नदीत सोडायला सांगितली, कुणी जावयाला. समर्थ "ॲक्शन फिगर" एवढेच दोन शब्द पुन्हापुन्हा म्हणत होता आणि ते कुणाच्या कानापर्यंत जात नव्हते. त्याला खरोखर रडू येत होतं. मान मिळवायला आला होता. आता या घरात पावसाविषयीसुद्धा त्याला कुणी विचारणार नव्हतं.

रखमाजींनी खुर्ची बंद केली. घरघर थांबली तशी माणसंही थांबली.

"आना हिकडं."

समर्थनं पाट त्यांच्या मांडीवर ठेवला. रखमाजींनी मूर्ती उजेडाला धरली. सरकलेल्या नाकावरून अंगठा फिरवला.

"कोन म्हनतंय ह्यो मी हाय?" ते म्हणाले. "ह्यो माजा बा हाय."

रखमाजींचे वडील ते लहान असतानाच गेले होते. त्यांचा फोटो नव्हता. टाकही करायचा राहूनच गेला होता, आणि ही गोष्ट कस्तुराबाई दर पितृपक्षात बोलून दाखवायच्या.

"बाचा टाक न्हाई, बाचा टाक न्हाई म्हनून किती वर्सं ऐकतोय मी तुझं," रखमाजी बायकोला म्हणाले. "येकाला तरी सुचलं का? धाकट्या जावयाला सुचलं. येसू, बघ गं."

येसूबाई ही रखमाजींची थोरली बहीण. वडिलांना बघितलेलं तिच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. तिला हाताला धरून पुढे आणलं. तिनं मूर्ती नाकापाशी धरली, डोळे बारीक केले, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. "त्योच! माजा बा त्यो! नाक बघा की, नाक!"

त्या नाकाचा खरा कर्ता ओव्हन होता, हे मांडवात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातली माधवी आता डोळे उघडून नवऱ्याकडे अशी बघत होती की त्यानं बोलायचं धाडस करू नये.

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. टाक वाजतगाजत देवघरात गेला. कस्तुराबाई पुन्हा रडल्या, पण आता समर्थच्या डोक्यावरून हात फिरवत रडल्या. भामाबाईंनी त्यांच्या गेलेल्या चुलत्याचं वर्णन द्यायला सुरुवात केली. पप्पूरावांची खुर्ची रिकामी पडून होती, कारण म्हातारे सगळे देवघरापुढे उभे होते. पंगतीत समर्थचा पाट रखमाजींच्या उजव्या हाताला मांडला गेला. त्या जागेवर आजवर पप्पूराव बसत आले होते. समर्थनं नाकासमोर बघून जेवण केलं.

जेवणानंतर रखमाजींनी त्याला गोठ्याकडे बोलावलं. बैलापुढे वैरण टाकली. पावसाविषयी काही विचारलं नाही.

"माजंच करायला बसलाव्हता न्हवं?"

समर्थनं मान खाली घातली. "हो आबा."

"मला बी बाचं तोंड आठवत न्हाई. पन येवडं वंगाळ नसंल." रखमाजी हसायला लागले, खोकले, पुन्हा हसले. "येसूच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. काल पप्पूरावाला दूधवाला समजली ती."

"आबा, मग तुम्ही सगळ्यांपुढं..."

"तर काय करू? तुमी येवडा खटाटोप करून आलाव. माज्यासाटी कुनी काय हातानं केलं न्हवतं आजवर. समदी इकत आनत्यात." त्यांनी समर्थच्या खांद्यावर हात ठेवला. "माजा बी टाक तुमीच करा. पन मी गेल्यावर. घाई न्हाई."

"हो आबा," समर्थ म्हणाला.

"आनि तवर हात बसवा जरा." रखमाजींनी मांडवाकडे बघितलं. तिथे पप्पूराव आपल्या खुर्चीत एकटेच थडथडत होते. "आदी पप्पूरावाचं करा. त्येचं तोंड बिघडलं तरी चालतंय."